मायनस ४० आणि शांत, की मायनस २५ आणि वारा? थंड शहरात राहायचंच झालं तर कुठल्या?

समजा तुम्हाला सारख्याच पगाराच्या दोन नोकऱ्या चालून आल्यात. एका शहरात जानेवारीत मायनस ४० असतं पण वारा अजिबात नाही, आकाश निरभ्र. दुसऱ्या शहरात मायनस २५, पण ताशी ५० किलोमीटरचा वारा. आपल्याकडचा माणूस डोळे झाकून दुसरं शहर घेणार, कारण पंधरा डिग्रीचा फरक म्हणजे केवढा, आपल्याकडे निफाडला पाच डिग्री झालं की पेपरात शेकोटीचे फोटो येतात. पण उघड्या गालाला विचाराल तर दुसरं शहर थोडं जास्तच थंड आहे. कॅनडात जे सूत्र वापरतात त्यात हे आकडे टाकले की मायनस २५ चं मायनस ४२ होतं, आणि बिनवाऱ्याचं मायनस ४० हे मायनस ४० च राहतं.

'जगातली सगळ्यात थंड गावं' टाइपचे व्हिडिओ बघताना हेच खटकतं, सगळं त्या एका आकड्याभोवती फिरतं. फिरायला जाऊन फोटो काढायचा असेल तर आकडा ठीक आहे. पण घर भाड्याने घ्यायचं, पोरांना शाळेत घालायचं, रोज कामाला जायचं असं धरलं तर माझ्या मते तो आकडा यादीत चौथ्या-पाचव्या नंबरला येतो, त्याच्या आधी वारा, उजेड, श्वासातली हवा आणि घर गरम कोण ठेवतंय हे बघावं लागतं.

वाऱ्यापासून सुरू करू. आपलं शरीर सतत उष्णता सोडत असतं आणि त्वचेला चिकटून गरम हवेचा एक पातळ थर तयार होतो, वारा नसेल तर हा थर जागेवर राहतो आणि फुकटात पांघरुणाचं काम करतो. वारा आला की तो थर उडून जातो, शरीर नवा बनवतं, तोही उडतो. बशीतला चहा फुंकर मारून आपण गार करतो ना, तेच, फक्त चहाच्या जागी आपलं नाक आणि कान. हे मोजायचा पहिला नीट प्रयत्न १९४० च्या दशकात अंटार्क्टिकावर झाला, पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून उघड्यावर टांगलं आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ते गोठायला किती वेळ लागतो ते टिपलं. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने मिळून सूत्र बदललं, तेव्हा नळकांड्याऐवजी खरी माणसं, चेहऱ्यावर सेन्सर लावून थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवली. आज अ‍ॅपवर 'फील्स लाइक' म्हणून थंडीत जो आकडा दिसतो तो बहुतेक या सूत्रातूनच येतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. वाऱ्यामुळे वस्तू हवेपेक्षा थंड होत नाही. बाहेर मायनस ५ असेल आणि 'फील्स लाइक' मायनस १५ असेल तर तुमची गाडी कितीही वेळ उभी करा, मायनस ५ च्या खाली जाणार नाही, फक्त तिथपर्यंत लवकर पोचेल. त्रास आपल्याला होतो कारण आपण आतून गरम असतो. कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्यानुसार हा जाणवणारा आकडा मायनस ४० ते ४७ च्या दरम्यान असेल तर उघडी त्वचा पाच-दहा मिनिटांत गोठू शकते, मायनस ५५ च्या खाली दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. बस चुकली तर काय, याचा विचार तिथले लोक घरातून निघतानाच करतात.

आता दोन खरी शहरं घेऊ. नॉर्वेचं ट्रोम्सो आणि रशियाचं नोरिल्स्क. दोन्ही साधारण ६९ अंश उत्तर अक्षांशावर, दोन्ही आर्क्टिक वर्तुळाच्या आत, दोन्हीकडे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. ट्रोम्सोचं जानेवारीचं सरासरी तापमान मायनस ३-४ आणि नोरिल्स्कचं मायनस २६-२७ च्या आसपास! कारण एकच, ट्रोम्सोला लागून अटलांटिकचा कोमट प्रवाह वाहतो आणि समुद्र एखाद्या प्रचंड हीटरसारखा वर्षभर साठवलेली उष्णता हिवाळ्यात सोडत राहतो, तिथलं बंदर गोठतसुद्धा नाही. नोरिल्स्कला ही सोय नाही, तिथे जमीन, बर्फ आणि ध्रुवाकडून येणारा वारा. म्हणजे 'उत्तरेला जितकं वर तितकं थंड' हे शाळेतलं गणित अर्धंच खरं आहे, समुद्रापासून किती लांब हेही तितकंच महत्त्वाचं.

नोरिल्स्कबद्दल थोडं जास्त सांगतो कारण माझ्या यादीत ते शेवटच्या नंबरला आहे आणि त्याचं कारण थंडी नाहीये. उत्तर रशियात शाळा बंद ठेवायच्या की नाही हे ठरवायला एक रोखठोक हिशोब करतात, वारा सेकंदाला जितके मीटर तितक्याच्या दुप्पट डिग्री तापमानातून वजा करायच्या. मायनस २७ आणि सेकंदाला १५ मीटर वारा म्हणजे त्यांच्या हिशोबाने मायनस ५७. कॅनडाच्या सूत्राने हेच मायनस ४५ येतं, पण नोरिल्स्कच्या रस्त्यावर उभं राहून ही वादावादी कोण करणार. तिथे बिल्डिंगांच्या रांगाच अशा बांधल्यात की वारा आतल्या चौकात शिरू नये, मधल्या फटी मुद्दाम अरुंद ठेवल्यात. पुर्गा म्हणजे तिथलं हिमवादळ सुरू झालं की समोरचं दिसत नाही. वर निकेलच्या कारखान्यांचा सल्फर डायऑक्साइड, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही, विमान किंवा येनिसेई नदीतून जहाज. २०२० च्या मे महिन्यात तिथल्या वीजकेंद्राची डिझेलची टाकी खचली आणि सुमारे २० हजार टन डिझेल नदी-नाल्यांत गेलं. परदेशी माणसाला शहरात शिरायला वेगळी परवानगी लागते. शहराची सुरुवातच १९३० च्या दशकात कैद्यांच्या छावणीपासून झाली, स्वखुशीने राहायला यावं म्हणून ती जागा कोणी निवडलीच नव्हती.

मग खरोखरची रेकॉर्डवाली थंडी कुठे आहे? पूर्व सायबेरियात, याकुतियामध्ये. वेर्खोयान्स्क आणि ओइम्याकोन ही दोन गावं मायनस ६७ च्या खाली गेलेली आहेत, वेर्खोयान्स्क १८९२ मध्ये आणि ओइम्याकोन १९३३ मध्ये, आणि 'सगळ्यात थंड आम्हीच' यावरून दोघांचं भांडण अजून चालू आहे. पृथ्वीवरचा नीचांक अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक तळाचा, २१ जुलै १९८३ ला मायनस ८९.२, पण तिथे लोक ड्युटीवर जातात, तिथे कोणी संसार करत नाही, म्हणून तो सोडून देऊ.

याकुतियातलं हवामान नीट समजलं की थंडीचं बरंच गणित सुटतं. हिवाळ्यात तिथे सूर्य अगदी थोडा वेळ आणि क्षितिजाला घासून येतो. जमिनीवर पांढरा बर्फ, तो आलेलं ऊन परत पाठवतो. ढग नाहीत, त्यामुळे रात्रभर जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, मध्ये डोंगर. हवा गार होते, गार हवा जड, जड हवा खाली बसते, आणि अशी बसलेली हवा साचून साचून सायबेरियावर जास्त दाबाचा एक मोठा पट्टा तयार होतो जो हिवाळाभर फारसा हलत नाही. जास्त दाब म्हणजे ढग कमी आणि वारा कमी, म्हणजे परत गारठा. ओइम्याकोन तर खोलगट दरीत आहे, आजूबाजूच्या उतारांवरची जड गार हवा रात्री घरंगळत येऊन तळाशी साचते, आणि दरीतून डोंगरावर चढलात तर चक्क गरम होत जातं, आपल्या महाबळेश्वरच्या उलट. (महाबळेश्वरलाही दंव पडतं ते वेण्णा लेकच्या सखल भागात, कारण तेच.)

ही अशी साचलेली थंडी फक्त शांत हवेतच तयार होते. जोराचा वारा आला असता तर वरची थोडी गरम हवा खाली मिसळली असती आणि तापमान चढलं असतं. म्हणून मायनस ६० च्या नोंदी आणि बिनवाऱ्याचे दिवस बहुतेक हातात हात घालून येतात, आणि म्हणूनच याकुतियाच्या राजधानीतले, याकुत्स्कचे लोक सांगतात की मायनस ४० ला आम्ही आरामात चालतो, मॉस्कोला गेलो की गारठतो. ते उगाच फुशारकी मारत नाहीत. अपवाद अंटार्क्टिकाचा किनारा, तिथे मधल्या पठारावरची जड हवा उतारावरून धावत समुद्राकडे येते, त्यामुळे थंडीही आणि भणाणणारा वाराही. आपल्या मैत्री तळावर हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसं राहतात त्यांना हिमवादळं चांगली ओळखीची असतात, आणि त्या सगळ्याची आखणी होते कुठे तर गोव्यात, वास्कोला हेडलँड सड्यावरच्या केंद्रात, जिथे स्वेटर कपाटातून निघत नाही.

पण शांत हवेची किंमत असते, आणि व्हिडिओवाले ती सांगत नाहीत. हवा हलत नाही म्हणजे धूरही हलत नाही. मंगोलियाची राजधानी उलानबातर घ्या. राजधान्यांमध्ये वर्षाच्या सरासरीने जगातली सगळ्यात थंड, जानेवारी मायनस २१-२२, पण हिवाळाभर लख्ख ऊन, वारा बेताचा, दिवस आठ तासांचा. कागदावर बघाल तर झकास. प्रत्यक्षात शहर तूल नदीच्या खोऱ्यात बसलंय, वर गरम हवेचं झाकण, खाली तंबूवजा घरांच्या मोठमोठ्या वस्त्या, प्रत्येक घरात कोळशाची शेगडी, कारण मायनस ३० च्या रात्री शेगडी विझली तर लेकरं गोठतील, गरीब माणूस दुसरं करणार काय. २०१९ मध्ये कच्च्या कोळशावर बंदी आली, त्याऐवजी दाबून केलेल्या विटा देतात, पण धुराचा प्रश्न काही सुटलेला नाही. अलास्कातल्या फेअरबँक्सचंही तेच, अमेरिकेसारखा श्रीमंत देश असूनही लाकडाच्या शेगड्यांमुळे हिवाळ्यात तिथली हवा देशातल्या सगळ्यात वाईट हवांमध्ये मोजली जाते, आणि ज्यांना परवडतं ते टेकडीवर घर घेतात कारण तिथे धूरही कमी आणि कित्येकदा दहा डिग्री जास्त ऊबसुद्धा. याकुत्स्कमध्ये मायनस ४० च्या खाली गाड्या, चिमण्या आणि माणसांच्या श्वासातल्या वाफेचं दाट धुकं शहरावर बसतं, पण तिथे घरं बरीचशी गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या गरम पाण्यावर तापतात, त्यामुळे उलानबातरसारखा कोळशाचा धूर नसतो. दम्याचा त्रास असलेला माणूस घरात असेल तर मी मायनस २० चं उलानबातर सोडून मायनस ४० चं याकुत्स्क घेईन.

आता 'कोरडी थंडी बरी, दमट थंडी हाडात शिरते' हे वाक्य. सगळेच बोलतात आणि अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळं आहे. मायनस २० च्या हवेत वाफ मावतेच किती, एका घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम, २० डिग्रीच्या हवेत हीच सतरा ग्रॅमच्या आसपास मावते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत हवा 'दमट' असली तरी शरीराला फार फरक पडत नाही. फरक पडतो तो ओल्या कपड्याने. शून्याच्या आसपास पाऊस, चिखल, वितळलेला बर्फ बुटात शिरतो, मोजे ओले होतात, आणि पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता खेचून नेतं. मायनस ३० ला बर्फ पिठासारखा कोरडा असतो, झटकला की पडला. म्हणून दोन-तीन डिग्री, पाऊस आणि वारा असलेला किनाऱ्यावरचा हिवाळा माणसाला जास्त छळतो. कोरडेपणाचा त्रास वेगळा, तीच बाहेरची हवा घरात आणून २२ डिग्रीला तापवली की वाळवंटापेक्षा कोरडी होते, नाकातून रक्त येतं, टाचा फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की करंट बसतो.

पारा घसरला असं आपण म्हणतो, पण याकुत्स्कला पारा घसरायच्या पलीकडे गेलेला असतो, तो मायनस ३९ च्या जवळ गोठतोच, तिथे अल्कोहोलचे थर्मामीटर लागतात. आणि मायनस ४० हा आकडा सेल्सिअस-फॅरनहाइट दोन्हीकडे एकच, त्यामुळे अमेरिकन पाहुण्याला समजवायची कटकट नाही.

याकुत्स्कमध्ये साडेतीन लाखांवर लोक राहतात. थिएटर आहे, युनिव्हर्सिटी आहे, मॉल आहेत, ट्रॅफिक जॅमसुद्धा आहे. जमीन शेकडो मीटर खोलपर्यंत कायमची गोठलेली आहे. १८२८ मध्ये शेर्गिन नावाच्या एका माणसाने तिथे विहीर खणायला घेतली आणि काही वर्षं खणत ११६ मीटर खाली गेला तरी माती गोठलेलीच, पाणी नाहीच लागलं. अशा जमिनीवर सरळ बिल्डिंग बांधली तर बिल्डिंगच्याच उबेने माती वितळते आणि बिल्डिंग वाकडी होते. म्हणून मोठ्या इमारती खांबांवर उचलून बांधतात, खालून थंड वारा खेळता ठेवतात, गरम पाण्याचे पाइप जमिनीखालून न नेता वरून नेतात, जाड कपड्यात गुंडाळलेले पाइप रस्त्यावर कमानी करून जाताना दिसतात. बाजारात मासे खोक्यात उभे करून ठेवलेले असतात, लाकडाच्या ओंडक्यासारखे कडक, फ्रीजचा खर्च शून्य. गाड्यांच्या काचांवर दुसरी काच चिकटवतात, गरम गॅरेज नसेल तर इंजिन तासन् तास चालू ठेवतात. शाळेत लहान वर्गांना साधारण मायनस ४५ च्या पुढे सुट्टी मिळते. आणि घरात? घरात लोक टी-शर्टवर असतात, खिडकी किलकिली करून, कारण केंद्रीय हीटिंग इतकं दणकून चालतं.

इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. १९९८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याकुत्स्कवर एक अभ्यास छापून आला होता, पन्नाशीच्या पुढच्या लोकांमधला मृत्यूदर तापमानासोबत कसा बदलतो हे बघायला. प्लस १० पासून मायनस ४८ पर्यंत तापमान उतरलं तरी एकूण मृत्यू वाढले नाहीत! घरं गरम होती, बाहेर जाताना लोक फरचे कपडे थरावर थर चढवून जात होते, आणि फारच गारठा असला की घरात बसत होते. याउलट पोर्तुगालसारख्या उबदार देशात हिवाळ्यात मृत्यू वाढायचं प्रमाण फिनलंडपेक्षा जास्त दिसतं, कारण घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. आपलं घर आठवा. नाशकात जानेवारीत पहाटे घरातलं तापमान किती असतं, बाहेर ८ असेल तर आत १४-१५, फरशी बर्फासारखी, आंघोळीचा बंब हाच काय तो दिलासा. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ डिग्री असावं म्हणते. त्या हिशोबाने जानेवारीच्या रात्री आपण याकुत्स्कवाल्यापेक्षा जास्त थंडीत झोपतो, आणि 'आपल्याकडे कुठे थंडी' म्हणत झोपतो.

अर्थात ही ऊब दुसऱ्याच्या हातात असते, आणि ती बंद पडली तर? २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कझाकस्तानच्या एकिबास्तुझ शहरात गरम पाणी पुरवणारं केंद्र बंद पडलं, बाहेर मायनस ३० च्या आसपास, आणीबाणी जाहीर करावी लागली. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये मायनस १०-१५ च्या थंडीत वीज गेली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. मायनस १५ म्हणजे याकुत्स्कमध्ये मार्चअखेरचा छान दिवस. म्हणून मी तरी कुठल्याही थंड शहराबद्दल पहिला प्रश्न विचारेन की घर कशावर तापतं, आणि ते बंद पडलं तर दुसरी सोय काय.

मग अंधार. हा माणसागणिक बदलतो, पण आपण विषुववृत्ताजवळची माणसं, आपल्याला दिवस चार-पाच तासांचा झाला की जड जाणार हे धरून चाला. याकुत्स्कला डिसेंबरात जेमतेम पाच तास उजेड, फेअरबँक्सला पावणेचारच्या आत. अलास्काच्या टोकाला उत्कियाग्विक, तिथे १८ नोव्हेंबरच्या सुमारास मावळलेला सूर्य जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच परत दिसतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन आणखी वर, तिथे गावात उन्हाची पहिली तिरीप पडते ती थेट ८ मार्चच्या आसपास, कारण मध्ये डोंगर आडवे येतात, आणि गाव गोळा होऊन ते साजरं करतं. स्वालबार्डबद्दल आपल्याकडे एक गोष्ट फिरते की तिथे व्हिसा लागत नाही, आणि ती खरी आहे, १९२० च्या स्वालबार्ड करारात भारतही आहे आणि नी-ओलेसुंद गावात २००८ पासून आपलं हिमाद्री नावाचं संशोधन केंद्रही आहे. पण विमान नॉर्वेमधून जातं, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतोच, स्वतःचा खर्च स्वतः चालवता आला नाही तर परत पाठवतात, बाळंतपणाला मुख्य भूमीवर जावं लागतं, आणि वस्तीबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलासाठी बंदूक जवळ ठेवतात. तापमान मात्र जानेवारीत मायनस ११-१२ च्या आसपास, म्हणजे उलानबातरपेक्षा पुष्कळ 'गरम'. तरीही मी तिथे नाही राहणार, अंधार नको.

उन्हाच्या बाबतीत आपल्या लेहला तोड नाही. वर्षात तीनशेच्या वर उन्हाचे दिवस, डिसेंबरातही जवळपास दहा तासांचा दिवस, हवा कोरडी, बर्फ थोडाच. जानेवारीत रात्री मायनस १४-१५, पण दुपारी भिंतीला पाठ लावून उन्हात बसता येतं. दक्षिणेकडे मोठ्या काचा आणि जाड मातीच्या भिंती ठेवून बांधलेली घरं तिथे जवळजवळ काही न जाळता ऊबदार राहतात, सोनम वांगचुक यांच्या सेकमोल संस्थेच्या इमारती याच तत्त्वावर आहेत. अडचण उंचीची. साडेतीन हजार मीटरवर ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के, तो काही जाकीट घालून भरून निघत नाही. बाकीची घरं बुखारीवर (म्हणजे घरात पेटवायच्या शेगडीवर), नळ गोठतात, पाणी बादलीने भरावं लागतं. द्रास तर वेगळीच गोष्ट, तिथे बर्फही भरपूर आणि वाराही, वर 'जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड वस्तीचं ठिकाण' असा बोर्ड, जो ओइम्याकोनच्या आजूबाजूच्या गावांनी वाचला तर हसतील. आणि श्रीनगर, जिथे पारा शून्याच्या जवळपासच घुटमळतो पण २१ डिसेंबरपासूनचे चिल्लई कलानचे चाळीस दिवस फेरनच्या (लांब झग्याच्या) आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून काढावे लागतात, ती थंडी मला लेहपेक्षा कठीण वाटते, ओल आणि ढग, आणि घर आतूनच गार.

राहिलं कॅनडाचं विनिपेग, जिथे आता आपल्याकडची पोरं शिकायला जातात आणि पहिल्या डिसेंबरात घरी फोन करून रडकुंडीला येतात. जानेवारीची सरासरी मायनस १६-१७, नीचांक मायनस ४७.८ (२४ डिसेंबर १८७९ चा). सपाट माळरान, वारा अडवायला काही नाही, त्यामुळे मायनस ४० 'फील्स लाइक'चा इशारा तिथे दर हिवाळ्यात येतो. पण बाकीचं बघा. डिसेंबरातही आठ तास दिवस, हिवाळ्यात स्वच्छ ऊन, हवा चांगली, प्रत्येक घराची स्वतःची भट्टी, पार्किंगमध्ये गाडीचं इंजिन गरम ठेवायला विजेचे सॉकेट, डाउनटाउनमध्ये एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये जायला बंद पूल. वारा हा एकच दोष, आणि तो चांगल्या पार्क्याने (टोपीवाल्या जाड जाकिटाने) आणि चेहरा झाकून बराचसा सुटतो. अंधार कुठल्या जाकिटाने सुटत नाही, धूर मास्कने अर्धवटच सुटतो, आणि ऑक्सिजन तर नाहीच.

म्हणून कुटुंब घेऊन, दहा वर्षांसाठी असं कोणी विचारलं तर मी विनिपेग म्हणेन. एकटा असेन आणि दोन वर्षांची नोकरी असेल तर याकुत्स्क, खांबांवरच्या बिल्डिंगमधला वरचा मजला. लेह मनापासून आवडतं पण साठीनंतर रक्तदाब घेऊन तिथे हिवाळा काढायची माझी हिंमत नाही. उलानबातर फक्त जुलैत. नोरिल्स्कला दुप्पट पगारातही नाही.

आणि याकुत्स्क घेणाऱ्यांनी उन्हाळा विसरू नका. ३० च्या वर जातो, हिवाळ्या-उन्हाळ्यात नव्वद-पंच्याण्णव डिग्रीचा फरक पडतो, डास ढगासारखे येतात, २०२१ सारखं वर्ष असेल तर जंगलातल्या वणव्यांचा धूर आठवडेच्या आठवडे. लेना नदीवर पूल अजून बांधून व्हायचाय, हिवाळ्यात बर्फावरून ट्रक जातात, उन्हाळ्यात फेरी चालते, आणि मधल्या त्या काही आठवड्यांत, बर्फ धड जमलेला नाही किंवा धड वितळलेला नाही, तेव्हा पलीकडच्या काठावरच्या रेल्वे स्टेशनला पोचायचं तर हॉवरक्राफ्टच्या रांगेत उभं राहायचं.